चौथ्या मजल्यावरची टोपली

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक गॅरेज आहे आणि त्यात गाडी सोडून सगळं काही आहे. गाडी माझ्या नवऱ्याने, वहबीने, केव्हाच विकली. ती जागा अडवत होती म्हणे. दर शुक्रवारी दुपारचा नमाज झाला की तिथे तिघांचा अड्डा जमतो. वहबी अलेक्झांड्रियाच्या बंदरात कस्टमचा कारकून होता. उस्ताद बयूमी शाळेत भूगोल शिकवायचे. तिसरे डॉक्टर नसीम, दातांचे डॉक्टर. ते चर्चला जाणारे, त्यामुळे नमाज चालू असताना चहाचं आधण ठेवणं त्यांच्याकडे. तिघंही एकमेकांना ‘बाशमुहंदिस’ म्हणतात, म्हणजे मुख्य इंजिनिअर. इंजिनिअर तिघांतला एकही नाही, मुख्य मात्र तिघंही आहेत.

गॅरेजचा नियम असा की पैसे घेणाऱ्या मिस्त्रीचं पाऊल आत पडता कामा नये. वस्तू उघडायची, पुसायची, पुन्हा बंद करायची आणि जे स्क्रू उरतील ते हलव्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. कारखानेवाले भित्रे असतात, लागतात त्याहून जास्त स्क्रू मारतात, असं उस्ताद बयूमींचं ठाम मत आहे. असे डबे आता फळीभर झालेत. माझ्या वॉशिंग मशीनला घरघर लागली होती, तीही यांनीच घालवली. घरघर गेली आणि मशीनही गेलं, तेव्हापासून मी चादरी हाताने पिळते. इमारतीची लिफ्ट या तिघांनी एकदा ‘नुसती बघितली’. ती दोन मजल्यांच्या मध्ये जी थांबली ती अजून तिथेच आहे. कंपनीचा माणूस आला, आत डोकावला, हे कुणी केलं एवढं विचारलं आणि जिन्याने निघून गेला.

त्याचा फटका बसला तो चौथ्या मजल्यावरच्या हाज्जा बहियांना. हज करून आल्या म्हणून सगळे त्यांना हाज्जा म्हणतात. त्यांचे गुडघे कधीचेच गेलेले. नवरा वारला, एकुलता एक मुलगा ताहेर कुवेतला. लिफ्ट गेल्यावर त्यांचं खाली येणंच संपलं. उरली ती टोपली. आमच्याकडे बाल्कनीतून दोरीने टोपली सोडायची आणि खालच्या फेरीवाल्याने त्यात भाजी, रोट्या घालून दोरीला दोन हिसके दिले की वर ओढून घ्यायची, ही रीतच आहे. हाज्जांची टोपली बरोबर गॅरेजच्या दारापुढे उतरायची. टोपलीबरोबर त्यांचा आवाजही उतरायचा. अंडीवाल्या उम्म शौकीच्या सुनेचं काय झालं, रोटीवाल्याची दाढ दुखायची थांबली का, सगळी चौकशी चौथ्या मजल्यावरून व्हायची आणि उत्तरं ऐकायला गल्ली थांबायची.

पण टोपली ओढताना खांदा दुखतो हे हाज्जांनी एकदा फोनवर ताहेरला सांगितलं आणि तिथेच त्यांचं चुकलं. तो म्हणाला, तुला आता एकटीला जमत नाही. त्याने व्हिसा केला, विमानाचं तिकीट काढलं आणि बकरी ईदेला येऊन तुला घेऊनच जातो म्हणून कळवून टाकलं. हाज्जांना जायचं नव्हतं. त्याच्या घराच्या काचा उघडतच नाहीत, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. “तिथे मी टोपली कुणाला सोडू, करीमान?” असं म्हणायच्या. तो आल्यावर टोपली सहज ओढून दाखवता आली, तर त्याच्याशी दोन शब्द तरी बोलता येतील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

म्हणून त्यांनी बाल्कनीतून वहबीला हाक मारली. कठड्यावरची कप्पी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गंजली होती, फिरतच नव्हती, दोरी नुसती तिच्यावर घासायची. हाज्जांनी तेलाचे दोन थेंब मागितले.

तेलाचे दोन थेंब घालायला तिघं मुख्य इंजिनिअर वर गेले. मीही गेले, कारण माझा अनुभव दांडगा आहे. वहबीने कप्पीला बोट लावलं, मग कपाळाला लावलं. डॉक्टर नसीमांनी दात बघायचा आरसा काढून कप्पीच्या मागचा भाग तपासला आणि मूळच किडलं आहे म्हणाले. बयूमींनी वारा कुठल्या दिशेने येतो ते सांगितलं.

“हाज्जा,” वहबी म्हणाला, “तेल हा तात्पुरता इलाज झाला.”

“अरे बाळा, मी तरी कुठे कायमची आहे?”

“तुम्हाला ओढायचंच कशाला? बटण दाबा, टोपली वर. बटण दाबा, टोपली खाली. ताहेर बघतच राहील.”

हाज्जांनी माझ्याकडे बघितलं. मी वहबीला म्हटलं की कप्पीत तेल घाल आणि खाली चल, जेवण थंड होतंय. तो म्हणाला की बायकांना दूरचं दिसत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं, आणखी दूरचं बघायची गरज नव्हती.

मोटार कुठली वापरली हे सांगायला नकोच. माझ्या वॉशिंग मशीनची. कपडे पिळताना ती ज्या वेगाने गरगरते, तो वेग या तिघांपैकी कुणाच्याही ध्यानात आला नाही, कारण तिघांनीही आयुष्यात कपडे धुतलेले नाहीत. बाल्कनीत लोखंडी अँगल ठोकले, जुनी कप्पी काढून टाकली, दोरीच्या जागी तार आली. चाचणीसाठी उम्म शौकीने टोपलीत अंडी ठेवली. ती बाई मुळात भोळी. वहबीने बटण दाबलं. टोपली खालून निघाली ती कुणाला दिसलीच नाही, वर कठड्यावर आपटली तेव्हा दिसली. अंडी तशीच पुढे गेली. डॉक्टर नसीम दुपारच्या दवाखान्यासाठी इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, ते घरी जाऊन बदलून आले. बयूमी म्हणाले की तत्त्व सिद्ध झालं, आता फक्त वेग कमी करायचा.

वेग कमी करायला गिअर हवा. गिअरसाठी अँगल मागे घ्यायला हवेत. अँगल मागे घेतले तर तार वाकडी जाते, मग आणखी एक चाक हवं. हे चाललेलं असताना हाज्जांकडे चालणारी मोटारही नव्हती आणि टोपलीही नव्हती. जी टोपली ओढताना खांदा दुखायचा, ती गॅरेजमध्ये खिळ्यांनी भरून पडली होती. रोट्या, दूध, औषधं मी चार मजले चढून पोचवायची. गुडघे काही मलाही नवे मिळालेले नाहीत. हाज्जांनी कधी तक्रार केली नाही, पण गल्लीशी बोलणं थांबलं तशा त्या गप्प गप्प राहायला लागल्या. उस्ताद बयूमी मात्र मला जिन्यात गाठून मोठ्या उत्साहाने तारेच्या कोनाबद्दल सांगत.

ईदेच्या आधी ताहेर आला. बॅगा ठेवून तो थेट बाल्कनीत गेला. तिथे लोखंडाचा सांगाडा, लोंबणाऱ्या वायरी आणि मधोमध माझ्या मशीनची मोटार. तिघं मुख्य इंजिनिअर खाली मान घालून रांगेत उभे राहिले.

“हे बघ, आई,” ताहेर म्हणाला. “साधी टोपलीसुद्धा राहिली नाही तुझी. कशासाठी राहायचं इथे?”

हाज्जांकडे दाखवायला काही उरलंच नव्हतं. त्यांनी ओढणीच्या टोकाने चष्मा पुसायला घेतला. मला इतका संताप आला की वहबीला तिथेच चार शब्द सुनवावेत असं वाटलं. तेवढ्यात ताहेर मोटारीपाशी वाकला.

“अम्मो वहबी,” तो म्हणाला. लहानपणापासून तो वहबीला अम्मो, म्हणजे काका म्हणतो. “ही वॉशिंग मशीनची ना? थेट जोडलीत? वेग कशाने कमी करणार?”

“तेच तर अडलंय, बाळा.”

“आणि ब्रेक?”

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ब्रेकचा विचार कुणीच केला नव्हता. ताहेर कुवेतच्या पाण्याच्या कारखान्यात पंपांवर देखरेख करतो. तो खराखुरा इंजिनिअर आहे, पण पंपाला हात लावायला त्याच्या हाताखाली माणसं आहेत. त्याने कोट काढून आईच्या हातात दिला, बाह्या वर सरकवल्या आणि पक्कड मागितली. बयूमींनी ती अशी पुढे केली की जणू त्याची वाटच बघत होते.

मोटार आणि सांगाडा उतरवून खाली नेला आणि त्या दिवसापासून गॅरेजमध्ये चौघं झाले. ताहेर सकाळी चहा घेऊन खाली उतरायचा तो अंधार पडल्यावर हात काळे करून वर जायचा. ईदेचं मटण त्याने उभ्याउभ्या खाल्लं, कारण डॉक्टर नसीम ब्रेकच्या पट्टीला दातांचं सिमेंट लावून बसले होते आणि ते वाळायच्या आत दाबून धरायला माणूस हवा होता. वहबी मला म्हणाला, पोरगा हिरा आहे. मी म्हटलं, हिरा आईला भेटायला आला होता.

हाज्जांनी मला वर बोलावलं. जुनी कप्पी त्यांनी सांगाड्याच्या कचऱ्यातून उचलून ठेवली होती. मी घरून शिवणाच्या मशीनचं तेल नेलं, दोन थेंब घातले, फडक्याने पुसली, पुन्हा दोन थेंब घातले. मग कप्पी जुन्या जागी अडकवली, जुनी दोरी ओवली आणि गॅरेजमधून टोपली आणून खिळे ओतून टाकले. कप्पी लोण्यासारखी फिरली. हाज्जांनी एका हाताने टोपली खाली सोडली आणि एका हाताने वर घेतली. त्यांचा एवढा खुललेला चेहरा मी कितीतरी दिवसांनी बघत होते.

“ताहेर,” त्यांनी वाकून हाक मारली. “अरे ताहेर, वर बघ. बघ मी काय करतेय.”

ताहेर गॅरेजच्या दाराशीच उकिडवा बसला होता. मान वर न करता म्हणाला, “आई, एक मिनिट.” टोपली त्याच्या डोक्याशेजारून खाली आली, जरा थांबली आणि वर गेली. त्याने पाना बदलला.

मी जिन्याकडे निघाले. त्याचा कान धरून वर आणायचा बेत होता. हाज्जांनी माझं मनगट धरलं.

“राहू दे. बघितलं तर म्हणेल, झालं काम. आणि काम झालं की त्याला विमान आठवेल.”

त्यानंतर रोज दुपारी हाज्जा चौघांचं जेवण त्या टोपलीतून खाली सोडायच्या. कोबीच्या पानात वळलेला भात, तळलेले मासे, लोणचं, वर कापड झाकलेलं. टोपली गॅरेजच्या दारात उतरायची. चौघं हात पुसत उठायचे, भांडी काढून घ्यायचे, दोरीला दोन हिसके द्यायचे, टोपली भुर्रकन वर जायची. मग मांडी घालून जेवता जेवता टोपली खालीवर कशी करता येईल यावर त्यांची चर्चा चालायची. मी बाजारातून येता-जाता ते बघायचे. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच. चौघांतल्या एकालाही, अगदी त्या कुवेतच्या साहेबालाही, हे जेवण कसं उतरलं असा प्रश्न पडला नाही.

वर हाज्जा एकट्या जेवायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी दोन ताटं मांडली होती. मग एकच मांडायला लागल्या.

जायचा दिवस आला तेव्हा टॅक्सी दाराशी उभी होती आणि ताहेर काळजीत होता. ब्रेक अजून घसरत होता. आई टोपलीवाचून राहील कशी, याची ती काळजी नव्हती. यंत्र अर्धवट टाकून जायची होती. तो आईला म्हणाला, “तू आत्ता येऊ नकोस. माझं आणि अम्मो वहबींचं असं ठरलंय, मी पुढच्या सुट्टीत पूर्ण करतो. तू इथे नसलीस तर बटण दाबून बघणार कोण?”

“खरंच की,” हाज्जा म्हणाल्या. त्यांनी त्याच्या हाताचं काळं धुवायला पाणी घातलं, हात धरून ठेवला आणि टॅक्सीवाला ओरडला तेव्हा सोडला.

म्हणजे ज्याची भीती होती ते टळलं. गॅरेजमध्ये त्या शुक्रवारी चहाबरोबर बसबूसाची मिठाई आली. हाज्जांना घरात ठेवण्यात आपलं यंत्र यशस्वी झालं, असं वहबी म्हणाला, आणि वाईट असं की मला ते खोडून काढता येईना. मी हाज्जांना विचारलं, खूश आहात ना? त्या म्हणाल्या, “घर राहिलं, पोरी.” आणि रोटीवाल्याला हाक मारायला बाल्कनीत गेल्या.

ताहेर पूर्वी ईदेला, रमजानला, आजारपणात फोन करायचा. आता दर शुक्रवारी न चुकता करतो. हाज्जांच्या हातातला फोन वाजतो. त्या आनंदाने घेतात, “ताहेर!” म्हणतात, तब्येत विचारतात. तो विचारतो, नवी ब्रेकपट्टी बसवली का. मग त्या फोन कापडात गुंडाळतात, टोपलीत ठेवतात आणि हळूहळू खाली सोडतात. गॅरेजच्या दारात तिघं वाट बघत उभे असतात. तासभर गिअरवर बोलणं चालतं, मग दोरीला दोन हिसके बसतात.

हाज्जा टोपली ओढून घेतात, कापड सोडतात आणि फोन कानाला लावतात. तोवर त्याने ठेवून दिलेला असतो.