डब्याचा ठिपका

चोरांना शिव्या मागाहून घालू, साहेब. चोर चोरीच करणार, तो त्यांचा धंदा. आधी तुमचं बोलू. पठार तुम्ही लुटवलंत. कुदळ तुमच्या हातात नव्हती, कबूल. ती नेमकी कुठे मारायची ते तेवढं तुम्ही दाखवलंत. भिंतीवर, रंगीत, चांगल्या चौकटीत लावून. आणि वर चोर म्हणून कोणाला धरलंत? राखणदाराला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आता ऐका.

त्या सकाळी नकाशेवाली कचेरीचा जिना चढत होती तेव्हा तिला मामाचा फोन आला. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ, पठाराचा राखणदार. एरवी त्याचं फोनवर आधी हवापाणी, मग गुडघा, मग मामीशी झालेलं ताजं भांडण आणि सगळ्यात शेवटी काम असा क्रम असायचा. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "वर ये." आणि फोन ठेवला. ती तिथूनच मागे फिरली. मामा दोन शब्दांत बोलला याचा अर्थ कोणीतरी मेलं होतं.

ती संरक्षित जागांचे आराखडे करणाऱ्या खात्यात नकाशे काढायची. कुठली जमीन पुरती बंद ठेवायची, कुठून लोकांना पायवाट द्यायची, कुठे गुरं चरली तरी चालतील, कुठे बी धरून रोपं वाढवायची, ही सगळी चर्चा शेवटी तिच्या टेबलावर येऊन रेघा आणि रंग होऊन बसायची. पठाराच्या आराखड्यात तिची दोन वर्षं गेली होती, कारण पठारावर गोटुली होती.

गोटुली म्हणजे झाड, पण बघणाऱ्याला गोटाच वाटणार. खडीत खडी होऊन बसलेली, राखाडी, मधोमध एक चीर. वर्षातून एकदा त्या चिरेतून फूल येतं, तेवढ्यापुरतं ती आपण जिवंत असल्याचं कबूल करते. नखभर वाढायला दहा वर्षं घेते. मुठीएवढी गोटुली मामाच्या आजोबांच्या वयाची. आणि जगात असे हौशी लोक आहेत ज्यांना ती आपल्या खिडकीत हवी असते. कुंडीत ती वर्षभरात सडते. मग त्यांना दुसरी हवी असते. हौसेला मोल नसतं, पण गोटुलीला होतं, आणि भलतंच होतं.

मामा चौकीच्या पायरीवर बसला होता. टोपी गुडघ्यावर. ती आली तरी उठला नाही, नुसता हात करून दाखवलं.

पहिला खड्डा तिला खड्डा वाटलाच नाही. इतका नीटनेटका. वाटीएवढा, कडा चाकूने कापल्यासारख्या, माती एका बाजूला नीट गोळा केलेली. आत तुटलेल्या मुळाचं टोक अजून ओलं होतं आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. ती पुढच्या गोटुलीकडे गेली. तिथे खड्डा. त्याच्या पुढे खड्डा. उतारावर तीन मोठ्या एकमेकींना टेकून बसायच्या, मामा त्यांना 'म्हाताऱ्यांची बैठक' म्हणायचा. तिथे एकाला एक लागून तीन खड्डे. ती चालत राहिली. कुठेही जास्तीचं खणलेलं नव्हतं. शोधाशोध नाही, उकराउकर नाही, एक दगड उलटा केलेला नाही. जणू कोणी आपल्याच घरातल्या फडताळातून बरण्या काढून नेल्या.

"एकही?" तिने विचारलं.

"एकही नाही," मामा मागून म्हणाला. "मी काल संध्याकाळी फेरी मारली गं. होत्या सगळ्या. मी त्या तिघींना म्हटलंसुद्धा, थंडी वाढलीय, सांभाळा."

तिला रडू येईना. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मुकाट्याने, सरळ रेषेत, ठिकाणाहून ठिकाणाकडे. असं कोण चालतं? ज्याच्या हातात नकाशा आहे तो.

आता नकाशाचं सांगायला हवं.

आराखडा पक्का होण्याआधी तो लोकांपुढे ठेवायचा, हरकती मागवायच्या, असा नियम आहे. चांगला नियम आहे. त्यासाठी नकाशेवालीने जो नकाशा केला त्यात गोटुलीच्या जागा दाखवल्या नव्हत्या. मोठाले चौकोन होते. या चौकोनात कुठेतरी आहे, एवढंच. तिच्या धंद्यातलं शेंबडं पोरही हेच करेल. ज्याला चोर आहेत त्याचा पत्ता द्यायचा नसतो.

पण साहेबांना चौकोन आवडले नाहीत. साहेबांना खात्यात 'हरकत नाही' म्हणायचे, कारण ते दर वाक्याला तेच म्हणायचे. वरून कोणीतरी म्हणालं की नकाशा धूसर दिसतो. हरकत नाही! साहेबांनी तिला न विचारता दुसऱ्याच कोणाकडून तिच्या संगणकातल्या मूळ नोंदी काढून घेतल्या. प्रत्येक गोटुलीवर उभं राहून यंत्राने घेतलेल्या नेमक्या जागा. त्याचे झाले लाल ठिपके. नकाशा सभागृहाच्या भिंतीवर लागला आणि खात्याच्या संकेतस्थळावरही चढला. ठिपक्यावर बोट टेकवलं की अक्षांश-रेखांश उघडायचे.

तिने पाहिलं त्याच दिवशी ती साहेबांच्या खोलीत घुसली होती. "साहेब, घरातले दागिने कुठल्या डब्यात आहेत हे कोणी दारावर लिहितं का?"

"पारदर्शकता, मॅडम," साहेब म्हणाले होते. "चौकोन बघून लोकांना काय कळणार? आणि तुमची हरकत असेल तर हरकत नाही. लेखी द्या."

तिने लेखी दिलं. नकाशा भिंतीवरच राहिला.

म्हणून पठारावरून ती आणि मामा थेट साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा तिला वाटलं होतं, आता तरी हा माणूस पांढरा पडेल. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग मामाकडे बघितलं.

"एकही जास्तीचा खड्डा नाही म्हणता?"

"नाही साहेब."

"म्हणजे खणणाऱ्याला प्रत्येक जागा पाठ होती." टोपण पुन्हा निघालं. "पाठ कोणाला आहे?"

मामाला आधी कळलंच नाही. तो भाबडेपणाने म्हणाला, "मला आहे ना साहेब. डोळे मिटून सांगेन."

साहेब हसलेही नाहीत, ओरडलेही नाहीत. शांतपणे म्हणाले, "चौकीच्या किल्ल्या टेबलावर ठेव. आजपासून तू कामावर नाहीस. उद्या पोलीस येतील, त्यांना हेच सांग."

"साहेब, नकाशा!" ती ओरडली. "सगळ्या जगाला नेमक्या जागा दाखवल्यात तुम्ही!"

"नकाशा कोण बघतं, मॅडम? दोन-चार हरकती आल्या, त्यातली एक तुमचीच. नकाशा बघून खणलं याला पुरावा आहे? नाही. मामा-भाचीचं नातं आहे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा आवाज जरा खाली."

मामाने किल्ल्या काढल्या. जुडगं पट्ट्यात अडकलं, निघेना. एवढा मोठा माणूस मान खाली घालून पट्ट्याशी झटत राहिला, आणि साहेब घड्याळ बघत राहिले.

मामा बाहेरच्या बाकावर बसला. मग म्हणाला, "पोरी, मामीला काय सांगू?"

"तू काही केलं नाहीस."

"ते तिला ठाऊक आहे गं. पण ती दळणाला जाते, पाण्याला जाते. लोक विचारतील, काय हो, यांनी केवढ्याला विकल्या? तिने काय तोंड दाखवायचं?" मग त्याला एकदम काही आठवलं. "माझी सतरंजी राहिली वर. जेवायच्या दगडाच्या फटीत. किल्ल्या, शिट्टी, टोपी त्यांची, घ्या म्हणावं. सतरंजी माझी आहे. मामीने दिलेली. तेवढी आणशील? मला आता वर जाता यायचं नाही."

"तुझा डबाही तिथेच असेल."

"डबा कुठला! आज कोणाला भूक होती?"

जेवायचा दगड पठाराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे गोटुली नव्हती, कधीच नव्हती; खाली कातळ, वर जेमतेम वीतभर माती. पण सावली होती, म्हणून दोन वर्षं मोजणीच्या दिवसांत मामा-भाची तिथेच डबा उघडायचे. सकाळी त्या बाजूला दोघंही फिरकले नव्हते. काय बघायला जाणार?

तिने फटीत हात घालून सतरंजी ओढली, वळली, आणि तशीच उभी राहिली.

दगडाच्या सावलीत, नेमकी जिथे सतरंजी अंथरायचे तिथे, खड्डा होता.

मधोमध तसाच वाटीएवढा. कडा कापलेल्या. पण हा एकच खड्डा मोठा होत गेलेला होता, वेडावाकडा. खणणाऱ्याने आधी नीट खणलं होतं, काही मिळालं नाही म्हणून आणखी खणलं होतं, कातळावर हत्याराचे ओरखडे उठले होते, आणि मग चिडून माती चारी बाजूंना उडवली होती. सगळ्या पठारावर ही एकच जागा अशी, जिथे चोर फसला होता.

ती खाली बसली आणि तिला मोजणीचा तो पहिला दिवस आठवला. यंत्र नवंकोरं होतं. चालतं का बघायला तिने जेवता जेवता बटण दाबलं होतं. "मामा, बघ, आपला डबा कुठे आहे तेही आता उपग्रहाला ठाऊक."

"मग त्याला सांग," घास चावत मामा म्हणाला होता, "मीठ कमी पडलंय."

ती नोंद मूळ नोंदींत तशीच होती. चौकोन करताना तिने ती गाळली होती, म्हणून तिच्या नकाशात ती नव्हती. पण साहेबांच्या नकाशात चौकोन नव्हते. साहेबांच्या नकाशात सगळं जसंच्या तसं आलं होतं. गोटुल्याही, आणि मामाचा डबाही.

खड्ड्याचा फोटो तिने दोनदा काढला. मग सतरंजी काखेत मारून ती उतार धावत सुटली.

सभागृहात हरकतींची बैठक तेव्हा सुरू होती. जुनी ठरलेली बैठक. चोरी झाली म्हणून पुढे ढकलायची लाज साहेबांना वाटली नव्हती. खुर्च्या भरल्या होत्या. समोर मोठ्या चौकटीत तो नकाशा, गोवर उठल्यासारखा लाल ठिपक्यांनी भरलेला. मामा शेवटच्या रांगेत मामीशेजारी बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांपैकी मामी नसलेली खुर्ची रिकामी होती. सगळ्या गावाने ती सोडली होती. ती रिकामी खुर्ची बघून नकाशेवालीच्या छातीत जे झालं ते खड्ड्यांनीही झालं नव्हतं.

साहेब बोलत होते. "...दुर्दैवी प्रकार. आमच्याच माणसाकडून. कारवाई चालू आहे. पण आता पठारावर संरक्षण करण्यासारखं काही उरलेलं नसल्यामुळे पठार आराखड्यातून वगळण्याचा प्रस्ताव—"

काय? तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वगळणार? आधी लुटवायचं आणि मग रिकामं झालं म्हणून सोडून द्यायचं? मातीत बी असतं, तुटलेली मुळं पुन्हा धरतात, तिने स्वतः ते आराखड्यात लिहिलं होतं!

ती सरळ पुढे गेली आणि सतरंजी साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या कागदांवर टाकली. धूळ उडाली.

"मॅडम, हरकती शेवटी घेणार आहोत."

"माझी हरकत नाही साहेब, माझा प्रश्न आहे." तिने फोनमधला फोटो पहिल्या रांगेतल्या बाईंच्या हातात दिला. "बघा आणि मागच्या रांगेत द्या." मग ती नकाशाकडे वळली आणि कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "मामा, इथे काय आहे?"

मामा उठला. सगळ्या माना मागे वळल्या. त्याने डोळे बारीक केले. "तिथे? तिथे काही नाही. तिथे आपण जेवतो."

"गोटुली कधी होती?"

"कातळावर कशी उगवेल गं?" आणि मग, हातोहात फिरत आलेला फोन मामीने त्याच्यापुढे धरला तेव्हा, "अरे देवा... तिथेही खणलं? तिथे कशाला खणलं मेल्यांनी?"

कोणीतरी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिथे मी यंत्र तपासायला बटण दाबलं होतं," नकाशेवाली म्हणाली. "ती नोंद माझ्या संगणकात होती आणि साहेबांच्या या नकाशात आहे, इथे भिंतीवर आणि संकेतस्थळावर. आणखी कुठेही नाही. सगळ्या जागा पाठ असलेला माणूस आपल्या जेवायच्या कातळावर कुदळ मारेल का? कातळ लागल्यावरही खणत राहील का?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "हरकत ना—" आणि तिथेच अडलं. मग त्यांनी शिपायाला खूण केली आणि हळूच म्हणाले, "तो नकाशा उतरव."

"हात लावू नका," मामी शेवटच्या रांगेतून म्हणाली. मामी कधी सभेत बोलली नव्हती. ती मधल्या वाटेने चालत पुढे आली, टेबलावरची सतरंजी उचलली, झटकली, नकाशाखाली अंथरली आणि तिच्यावर बसली. "या हो तुम्ही," ती मामाला म्हणाली. मामा आला, तिच्या शेजारी बसला. मग दुसऱ्या रांगेतलं कोणीतरी उठून आलं. मग आणखी कोणी.

नकाशेवालीचं बोट अजून त्या ठिपक्यावर होतं.

"साहेब, चोर कोण ते पोलीस शोधतील. तुम्ही आम्हाला एवढंच सांगा. मामाच्या डब्याचा पत्ता चोराला कोणी दिला? खाली बघू नका. बोला, कोणी दिला?"