‘धुराडं’ बँडची सर्वसाधारण सभा

राजकीय बँड फितुरीनं मरतात, दारूनं मरतात किंवा सरकारी दडपशाहीनं मरतात. चौथं मरण इतिहासाला ठाऊक नाही, असं नेव्हिल क्वर्क वर्षानुवर्षं स्टेजवरून गर्जून सांगत आला होता. त्याचा स्वतःचा ‘धुराडं’ हा बँड मात्र ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्ब्ला गावी, हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत, एका रविवारी दुपारी, उपसूचनेनं मेला.

धुराडंची रीतच वेगळी होती. बँडमधले तिघंही पोलाद कारखान्यातल्या युनियनमध्ये वाढलेले, त्यामुळे गाणंसुद्धा सभेत मंजूर व्हायचं. सूचक, अनुमोदक, चर्चा, मतदान. तिघांचं एकमत झाल्याशिवाय एक ओळही गायची नाही. एकदा ‘रक्त’ म्हणायचं की ‘घाम’ यात अख्खा हिवाळा गेला. ‘घाम’ मंजूर झाला तोवर ज्या संपासाठी गाणं लिहिलं तो मिटून कामगार सुट्टीवर गेले होते.

अध्यक्षपद कायम नोएलीनकडे. ती बेस गिटार वाजवायची, आणि बेसकडे तसंही कुणाचं लक्ष नसतं, म्हणून ती निःपक्षपाती मानली जाई. नवरा गेल्यापासून तिच्या घरात सोमवार ते शनिवार फक्त फ्रिज बोलायचा. रविवारी बँडमधल्या बाकी दोघांची भांडणं ऐकायला मिळायची, त्यावर तिचा आठवडा निघायचा.

त्या रविवारी विषय एकच होता. मालकांनी कारखाना बंद करायचं जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी गेटवर कामगारांची सभा होती, आणि कामगारांचा आग्रह होता की धुराडंनं आपलं ते प्रसिद्ध गाणं म्हणावं. अडचण एवढीच, की ते प्रसिद्ध गाणं ‘बंद करा हा कारखाना’ असं होतं.

ड्रमर त्रायको रिस्टेव्हस्कीनं हातातला सॉसेज रोल खाली ठेवून बोट वर केलं. ‘‘उपसूचना. ‘बंद करा’च्या जागी ‘चालू ठेवा’ घालावं.’’

‘‘अनुमोदक?’’ नोएलीननं विचारलं.

‘‘माझ्या दोन्ही पोरी तिथं कामाला आहेत. त्या देतील.’’

‘‘पोरी बँडमध्ये नाहीत, त्रायको.’’

‘‘पोरी पगार आणतात म्हणून तर मी बँडमध्ये आहे, अध्यक्षबाई!’’

नेव्हिल इतका वेळ छताकडे बघत होता. ‘‘बापाला पुरून आलो त्या संध्याकाळी लिहिलंय मी ते गाणं,’’ तो म्हणाला. ‘‘त्याच्या छातीत ज्या धुरानं घर केलं, तो धूर मी चालू ठेवा म्हणू?’’

‘‘तुझ्या बापाला खांदा दिलाय मी, गड्या. पण तो गेला. माझ्या पोरी जिवंत आहेत. त्यांना काय सांगू, नेवचं यमक जुळत नाही?’’

दोघांचंही खरं होतं. नोएलीनची पंचाईत तीच होती. एक जण खोटं बोलत असता तर सभा चालवणं सोपं गेलं असतं.

‘‘उपसमिती नेमू या,’’ ती म्हणाली.

‘‘सभा उद्या सकाळी आहे.’’

‘‘मग शब्द नकोतच! नुसती चाल वाजवू. लोक मनात काय म्हणायचं ते म्हणतील.’’

‘‘शक्य नाही!’’ दोघं एकदम ओरडले. त्या दिवशीचं हे पहिलं एकमत.

‘‘तू कुणाच्या बाजूची, ते सांग,’’ त्रायको म्हणाला.

‘‘बँडच्या.’’

‘‘बँड म्हणजे कोण गं? मी की हा?’’

‘‘अध्यक्ष तटस्थ आहे,’’ नोएलीन पुटपुटली.

नेव्हिल उठलाच. ‘‘तटस्थ? मालक, पोलीस, मंत्री, सगळ्यांच्या तोंडावर गायलो आपण! आणि आज तू तटस्थ?’’

‘‘पोलीस दर रविवारी माझ्यासोबत जेवत नव्हते, नेव.’’

मग नेव्हिलनं बँड विसर्जित करण्याचा ठराव मांडला. त्रायकोनं तत्काळ अनुमोदन दिलं. नोएलीननं विरोधात हात वर केला, आणि तो खाली येऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

‘‘एकमत नाही. ठराव नामंजूर!’’ ती जवळजवळ हसलीच. बँड वाचला होता.

‘‘ठीक आहे. माझा राजीनामा,’’ नेव्हिल म्हणाला.

‘‘माझाही.’’

राजीनाम्याला मतदान लागत नाही. नियम करताना हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. राजीनामा देऊन जायचं कुठे, असा तेव्हा प्रश्न होता.

त्रायकोचा मोठा ड्रम एकट्याला उचलवेना, तेव्हा दुसरी बाजू नेव्हिलनंच धरली. ‘‘तिरका कर.’’ ‘‘केलाय की!’’ ‘‘तुझ्याकडून नाही रे, माझ्याकडून!’’ दारात तो अडकला. अडकू दे, नोएलीन मनात म्हणाली. संध्याकाळपर्यंत अडकू दे, दोघांना आत यावं लागू दे. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली होती. ड्रम कुरकुरला, दाराचा थोडा रंग सोबत घेऊन निघून गेला. बाहेर गाडी सुरू झाली, मग दुसरी.

खोलीत नोएलीन उरली. तिनं सवयीनं गणपूर्ती पाहिली. सर्व सदस्य हजर होते.

‘‘उद्या गेटवर वाजवायचं, असा ठराव मी मांडते,’’ ती मोठ्यानं म्हणाली, आणि अनुमोदकासाठी थांबली. पुष्कळ थांबली. मग तिनं सभा तहकूब करण्याचा ठराव मांडला, तर त्यालाही अनुमोदक मिळेना. नियमानं आता तिला उठताही येत नव्हतं. ती डोळे पुसत तशीच बसून राहिली.

दार किलकिलं झालं. पांढऱ्या कपड्यांतली, हिरवळीवर गोळे सोडणाऱ्या बायकांपैकी एक आत डोकावली.

‘‘तुम्हीच का हो तो बँड?’’

नोएलीननं विचार केला. ‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘मीच.’’

‘‘बरं झालं बाई, भेटलात! आमची मेव्हिस आज नव्वदीची झाली, केक कापतोय. वाढदिवसाचं गाणं तेवढं वाजवाल? फक्त हळू हं. तिच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं.’’