जित्या लेकराचा हार

मित्रांनो, मी एक जुनी फोटोफ्रेम आहे. माझी पाठ एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची आहे. ते लग्न मोडलं, मी टिकले. कडेनं फुटक्या बांगड्यांची नक्षी, कोपऱ्यांत आरसे आणि वरून सोनेरी झिरमिळ्यांचा हार. या हारावरूनच माझं सगळ्या गल्लीशी वाजलं.

मला जळकोटच्या पंढरीआबांनी केलं. त्यांची नात लुंबिनी तीन वर्षांची झाली तरी चालत नव्हती. लातूरचे डॉक्टर म्हणाले, व्यायाम करून घ्या आणि वेळ द्या. गल्लीकडे वेळ नव्हता, सल्ले मात्र भरपूर होते. लुंबिनीच्या आईनं, समीक्षानं, ते सगळे ऐकून घेतले आणि पोरीचा व्यायाम चालू ठेवला. मग एका सोमवारी शेजारच्या शेळीचं पिल्लू अंगणात आलं आणि लुंबिनी भिंत सोडून त्याच्यामागं निघाली. समीक्षानं मोबाईलवर फोटो काढला. तो हलला आहे, एक पाय हवेत आहे आणि पिल्लाची फक्त शेपटी दिसते. दुकानातल्या गुळगुळीत फ्रेमांच्या नशिबी असा फोटो येत नाही.

आबांनी मला बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, आपल्या दिवंगत बायकोच्या, नागुबाईंच्या फोटोशेजारी टांगलं. त्या सगळ्यांना हार होते. नातीलाच नसावा, हे आबांना बरं दिसलं नाही.

शेजारच्या शांतम्मा महिनाभर उदगीरला लेकीकडे होत्या. परतल्या त्या दुपारी त्यांनी दारातून आत पाहिलं आणि तोंडाला पदर लावून उंबऱ्यावरच बसल्या. भिंतीवरच्या फोटोला हार म्हणजे आपल्याकडे काय, हे तुम्हाला ठाऊक आहे. आबांना वाटलं, बाई आनंदानं रडतायत. त्यांनीही डोळे पुसले.

"कधी झालं?" शांतम्मांनी विचारलं.

"सोमवारी. अचानकच."

"लेकराला तरास?"

"न्हाई. हसत व्हती."

शांतम्मा 'शिव शिव' म्हणून हुंदके देऊ लागल्या. तेवढ्यात लुंबिनी तांब्या घेऊन, अर्धं पाणी सांडत, आतून चालत आली आणि त्यांच्यापुढं उभी राहिली. शांतम्मांनी तांब्या घेतला नाही. आधी तिचे पाय पाहिले. सुलटेच होते.

मग त्या आबांवर उखडल्या. "जित्या लेकराला हार घालतेत का, पंढरीबा? काढा आधी ती अवदसा."

अवदसा म्हणजे मी.

संध्याकाळपर्यंत बातमी नांदेडला पोचली. लुंबिनीचे वडील आनंदराज तिथं नोकरीला आहेत. त्यांचा फोन आला, की लोक काहीबाही बोलतात, फ्रेमच उतरवा. आबा मुकाट्यानं स्टुलावर चढले. मी खिळा घट्ट धरून ठेवला. फ्रेमला याहून मोठा सत्याग्रह जमत नाही.

"राहू द्या, मामा," समीक्षा सासऱ्यांना म्हणाली. "आत्याबाईंचा फोटो भिंतीवर कधी लागला?"

"गेल्यावर."

"आन् हार?"

आबांनी शेजारच्या फोटोवरची धूळ बोटानं पुसली. नागुबाईंचा तो फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला आहे. दुसरा नव्हताच.

"माझ्या पोरीला पहिला हार जितेपणीच मिळंल. ज्याला अपशकुन वाटतो, त्यानं यावं आन् तिच्या हातचं पाणी पिऊन जावं."

आबा खाली उतरले. हार राहिला.

आता लुंबिनी शाळेत पळत जाते. माझे आरसे निखळले, बांगड्या गळाल्या, आणि नवे पाहुणे अजूनही मला पाहून दचकतात. दचकू देत. परवा शांतम्मा शेवंतीचा हार घेऊन आल्या. माझ्यापुढं क्षणभर थांबल्या, मग तो लुंबिनीच्या गळ्यात घातला आणि कुणाला सांगू नको म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा किंवा पुसू नका, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात कुणी पहिलं पाऊल टाकलं असेल, मग ते लेकरू असो की सायकल शिकणारी आजी, तर हार आजच आणा. नागुबाई माझ्या शेजारीच आहेत. त्यांच्या फोटोला दरवर्षी नवा हार येतो. तो घालून घ्यायला त्यांना मान वाकवता येत नाही.