ओळख देणारे दोघे

हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. रजिस्ट्री ऑफिससमोर पत्र्याच्या शेडमध्ये मी अर्जनवीस म्हणून बसायचो. खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोड, जे लागेल ते हाताने लिहून द्यायचो. तेव्हा फोटो नव्हते, कॅमेरे नव्हते. समोर बसलेली बाई तीच कशावरून? तर दोन माणसं साहेबांपुढे उभी राहून सांगायची, आम्ही हिला चांगलं ओळखतो, आणि सही करायची. तेवढ्यावर जमिनी इकडच्या तिकडे व्हायच्या.

आमच्या शेडमधले काही महाभाग चहाच्या कपावर कुणाचीही ओळख द्यायचे. माझं तसं नव्हतं. "रत्नपालनं ओळख दिली ना, मग झालं," असं साहेबसुद्धा म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा भारी ताठा होता. शाईच्या पॅडचा तो वास, तापलेला पत्रा, "जरा बाजू सरको भाई" म्हणत घुसणारी गर्दी, सगळं अजून आठवतं. ते दिवस चांगले होते की मी तरुण होतो, हे मात्र मला आजवर ठरवता आलेलं नाही.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात परमेश्वर आला. पुसेगावचा, माझ्या गावचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याच्या घरी मेंढरं, माझा बाप मजुरीला जाणारा. पण त्याच्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्लेली. त्याचे वडील वारले होते. सातबाऱ्यावर त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं, यशोदाबाईचं, अशी दोन नावं लागली होती. यशोदाबाईला डोंगरकड्याला दिलेली. तिचा हिस्सा तिनं भावाच्या नावे सोडायचा, असा कागद करायचा होता.

"आक्काला घेऊन आलो. ताप हाय तिला, लवकर उरकव," तो म्हणाला.

कोपऱ्यात एक बाई पदर पार हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. मित्राची बहीण, तिच्याकडे टक लावून कोण बघतो? मी मान खाली घालून कागद लिहिला, मोठ्यानं वाचून दाखवला. बाईनं हूं केलं. शेवटी मी पेन पुढे केलं. "घ्या यशोदाबाई, सही करा."

बाई गोंधळली. पेन तसंच राहिलं आणि तिचा डावा अंगठा पॅडकडे आला.

यशोदाबाई आणि अंगठा? पाच वर्षांपूर्वी साक्षरता अभियानात मी गावात वर्ग घेतला होता, आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात. आजारी आईचं करायला यशोदाबाई तेव्हा तीन महिने माहेरी होती. परमेश्वर मेंढरं घेऊन लांब चराईला गेलेला. वरच्या गल्लीतून आमच्या वस्तीत येऊन शिकणारी ती एकटीच. लोक काय काय बोलले, तरी येतच राहिली. पहिल्यांदा स्वतःचं पुरं नाव लिहिलं, त्या दिवशी तिनं पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि म्हणाली, "मास्तर, आता जल्मात अंगठा द्यायची न्हाई मी."

मी पॅडचं झाकण लावलं आणि परमेश्वरला बाहेर लिंबाखाली ओढत नेलं.

"कोन हाय ती?"

त्यानं आधी शेडकडे पाहिलं. मग म्हणाला, "मेव्हनी."

"अन् यशोदाआक्काला काहून आणलं न्हाई?"

"तिला इचारायचं कोन्या तोंडानं? न्हाई म्हनली तर? म्हनून तुझ्याकडं आलो. तू आपला मानूस हाईस, रत्नपाल. बाकीच्याईकडं गेलो असतो तर आतापर्यंत झालं असतं."

हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. मैत्रीच्या नावाखाली तो मला सहीचा शिक्का समजत होता. मी रागानं कागद फाडला आणि वर सांगितलं, की दुसऱ्या कुणाकडे गेलास तर साहेबांना मी स्वतः जाऊन सांगेन.

"ठीक हाय," तो म्हणाला. "आजपासून तू मला वळखत न्हाईस, मी तुला." मेहुणीला घेऊन तो एसटी स्टँडकडे चालता झाला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

बातमी डोंगरकड्याला पोचायची ती पोचलीच. त्यानंतर बहीणभावाचं येणंजाणं तुटलं.

दोन हजार पाच साली यशोदाबाई एकटी माझ्याकडे आली. केस पांढरे झालेले. तोवर जिल्हा झाला होता, ऑफिसात कॉम्प्युटर आले होते, फोटो आणि ठसा यंत्रात जात होता. ओळख देणारे दोघे मात्र अजून लागत होते. तिला तिचा हिस्सा लेकीच्या, राधिकाच्या, नावे बक्षीसपत्रानं करायचा होता.

"तुमच्यामुळं जमीन राह्यली, मास्तर," ती म्हणाली. "पन आठ दिवाळ्या झाल्या, माहेरहून न्यायला मुराळी आला न्हाई."

माझी सही स्वच्छ राहिली, याचा आठ वर्षं मला अभिमान होता. त्या घडीला मला त्याची लाज वाटली. कागद फाडायच्या ऐवजी त्याच एसटीनं मी परमेश्वरला डोंगरकड्याला घेऊन गेलो असतो तर? हे तेव्हा मला सुचलंच नाही.

कागदाच्या दिवशी ती राधिकाला घेऊन सकाळीच आली. ओळख द्यायला एक मी होतोच, दुसरा म्हणून मी शेडमधला माणूस बोलावू लागलो, तर तिनं हात केला. "थांबा. पुसेगावच्या दुकानात फोन करून भावाला निरोप देल्ला हाय. पाहू येतो का."

दुपार झाली. दोनदा आमचा नंबर पुकारला गेला, दोनदा आम्ही पुढच्याला जाऊ दिलं. राधिका चिडली. "माय, काहून वाट पाहून राह्यलीस त्याची?" यशोदाबाईची नजर दाराकडे होती.

तीन वाजून गेल्यावर परमेश्वर आला. वाळला होता. तो आमच्यापासून लांब, शेडच्या टोकाला जाऊन बसला. नंबर लागला तसा आमच्या मागोमाग आत येऊन उभा राहिला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "यांना किती वर्षांपासून ओळखता?"

परमेश्वरची मान खाली गेली. साहेबांनी पुन्हा विचारलं. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"सायेब, त्याला काय इचारता, मला इचारा," यशोदाबाई म्हणाली. "हा झाला तवा मी चार वर्साची होते. मायनं पैल्यांदा माझ्याच मांडीवर देल्लं याला. मी थोरली हाय. आधी मी याला वळखलं, मंग यानं मला."

परमेश्वर खुर्चीची पाठ धरून हमसून हमसून रडायला लागला. साहेबांनी लिहून घेतलं, आणि माझ्या सहीखाली त्यानं सही केली.