रिकाम्या खुर्चीचा मान

मित्रांनो, मी नाशिकच्या एका चर्चमधली बिशपांची खुर्ची. सागवानी, उंच पाठीची आणि खरं सांगायचं तर जरा ताठ्याचीच. पूर्वी आमच्या नाशिकचा कारभार पुण्याच्या बिशपांकडे असे. नाशिकला स्वतःचे बिशप मिळाले, तेव्हा मला घडवून वेदीशेजारी ठेवले. बिशप माझ्यावर बसले, की मगच त्यांनी कारभार हाती घेतला असे आमच्याकडे मानतात. ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे जुने बिशप निवृत्त झाले. नवे येईपर्यंत माझ्यावर कुणीही बसायचे नाही, फादरांनीसुद्धा नाही, असा रिवाज. चर्चची व्यवस्था पाहणारे झुंबरभाऊ तो डोळ्यांत तेल घालून पाळत. मला रोज पुसत, पण कधी टेकत नसत.

त्या वर्षी गुड फ्रायडेला क्रुसाचे चुंबन घ्यायला रांग लागली. रांगेत निफाडच्या ठमाबाई होत्या. वय झालेले, त्यात दिवसभराचा उपवास. माझ्याजवळ येताच त्यांना भोवळ आली आणि त्यांनी माझ्याकडे हात टाकला.

"मावशी, तिथं बसायचं नाय," म्हणत झुंबरभाऊंनी तो हात बाजूला सारला. ठमाबाई पायरीवर कोसळल्या. खुब्याचे हाड मोडले.

मला जागचे हलता येत नाही, हे खरे. तरी मेल्याहून मेल्यासारखे झाले. एवढा मोठा सागवान, पण एका म्हातारीच्या कामी आला नाही! झुंबरभाऊंचे तर अन्नावरचे मन उडाले. दवाखान्याच्या दारापर्यंत जातो आणि तोंड दाखवायची हिंमत होत नाही म्हणून परततो, असे ते फादरांना सांगत होते.

अखेर नवे बिशप आले. ते माझ्यावर बसले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मला मात्र लाज वाटत राहिली. समोर ठमाबाई काठी घेऊन बसल्या होत्या.

लोक पांगल्यावर झुंबरभाऊंनी त्यांचे पाय धरले. रिवाजापायी तुम्हाला बसू दिलं नाही, माफ करा, म्हणाले.

ठमाबाई म्हणाल्या, "बिशपांच्या खुर्चीत मी बसेन का रे झुंबर? मला नुसतं धरायचं होतं."

झुंबरभाऊ तिथेच पायरीवर बसून रडले. मला तेही जमले नाही.

मित्रांनो, माझा मान जरूर राखा. पण पडणाऱ्याचा हात आधी धरा, रिवाज मागाहून सांगा.