खारीचा गळपट्टा

मी खारी नावाच्या कुत्रीचा जुना चामडी गळपट्टा आहे. खारी गेल्याचं घरी कळलं त्या दिवशी मी एका शेतावरच्या कोठारात खिळ्याला टांगलेला होतो. शेजारी आणखी बरेच गळपट्टे होते. पोलिसांनी माझा बिल्ला पुसून त्यावरचा नंबर लावला आणि अमेरिकेत नेपरव्हिल गावातल्या घरात नीलाकाकूंचा फोन वाजला. काकू वारून वर्ष उलटलं होतं, तरी दिगंबरकाका त्यांचा फोन चार्ज करून ठेवत. हरवलेली खारी सापडली तर त्याच नंबरवर कळणार होतं.

मित्रांनो, मी नवा असताना फार कडक होतो. काकूंनी मला खोबरेल तेल चोळून मऊ केलं, दृष्ट लागू नये म्हणून माझ्या कडीत काळा दोरा बांधला आणि मग खारीच्या गळ्यात घातलं. खारी बिस्किटी रंगाची आणि भित्री होती. टोस्टर वाजला की टेबलाखाली पळायची.

"अहो, तुम्हाला बीपीची गोळी आठवत नाही. हिला बरी जेवणाची वेळ आठवते!" काकू म्हणायच्या.

"तिला तू वाढतेस. माझी गोळी मलाच घ्यावी लागते," काका म्हणायचे.

काकू गेल्या. दहाव्याला काकांनी मागच्या अंगणात बर्फावर पान ठेवलं. कावळा काही येईना. शेवटी खारीनेच दहीभात खाल्ला.

"काका, चालेल ना हे?" शेजारची चैत्राली म्हणाली.

"चालेल काय? नीलाचा जीव हिच्यातच होता."

म्हणून वर्षश्राद्धाला काकांनी पान खारीसाठीच ठेवलं. पान ठेवून मागे वळून बघायचं नाही, असं त्यांना लहानपणापासून माहीत होतं. ते मागे न बघता आत गेले. तेवढ्यात फाटकातून एक माणूस आला. त्याच्या हातात मांसाचा तुकडा होता. खारीला वाटलं, हाही वाढायला आला.

त्याने तिला शेजारच्या राज्यातल्या त्या शेतावर नेलं. त्या कोठारात कुत्र्यांच्या झुंजी लावत. झुंजीच्या कुत्र्यांना सराव हवा म्हणून लोकांची पाळलेली जनावरं चोरून आणत. खारीने उलट चावू नये म्हणून तिचं तोंड चिकटपट्टीने गुंडाळलं. मला काढून खिळ्याला अडकवलं. तिथून मला सगळं दिसलं. तिला ओरडताही आलं नाही.

खारीला नेणाऱ्या माणसावर खटला झाला. त्यात मी पुरावा होतो. निकालाच्या दिवशी काकांना काही कळेना.

"काका, वकिलांची तडजोड झाली. प्रोबेशन दिलंय," चैत्राली म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे जेल नाही. घरी जाणार तो."

"आणि त्याने पुन्हा कुत्रा आणला तर?"

"आणू शकतो, काका. बंदी घालणारा लॉच नाही इथे."

मग त्या राज्यात कडक कायद्याचा प्रस्ताव आला. खटला संपल्यावर मी काकांकडे परत आलो होतो. ते मला खिशात घालून विधिमंडळाच्या समितीपुढच्या सुनावणीला गेले आणि इंग्रजीत अडखळत बोलले. "माझी बायको आजाराने गेली. तिच्यासाठी मी कुणाला शिक्षा मागू? पण खारीला माणसांनी मारलं. त्यांना तुरुंगात टाका. त्यांना पुन्हा जनावर पाळू देऊ नका."

समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "वाईट वाटलं. पण शेवटी कुत्राच होता ना?"

काकांनी मला टेबलावर ठेवलं. "भीती तिलाही वाटत होती," ते म्हणाले आणि खाली बसले.

मित्रांनो, जखमांनी भरलेला, साखळीला बांधलेला कुत्रा दिसला तर गप्प बसू नका. घरी सांगा. मोठ्यांना फोन करायला लावा. आम्ही गळपट्टे बोलू शकत नाही, आणि खारीचं तोंड बांधलेलं होतं.

परत येताना चैत्रालीने खारीला चोरणाऱ्या त्या माणसाच्या घरावरून गाडी आणली. अंगणात एक नवं पिल्लू साखळीला बांधलेलं होतं. काका उतरायला लागले. चैत्रालीने त्यांचा हात धरला. पिल्लाला तिथून हलवण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

प्रस्ताव अजून मतदानाला आलेला नाही. पिल्लू तिथेच आहे.