वावभर तंगूस

खाटेवर तीन दोऱ्या पडल्या होत्या आणि त्यातली एक कांचनला उचलायची होती. खरं म्हणजे निवड तिनं दोन दिवसांपूर्वीच केली होती, अख्ख्या वस्तीला सांगूनही झालं होतं. तरी हात सारखा खाटेकडं जात होता आणि माघारी येत होता.

एक, बापाचा जाड तंगूस, गळाचा नायलॉनचा दोरा. प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळून दोन वर्षं खुंटीला टांगलेला, उन्हानं पांढरट पडलेला. दुसरा बारीक तंगूस, केसाएवढा, पाण्यात गेला की दिसायचाच नाही. आणि तिसरी माजलगावच्या दिलावरचाचाकडनं आणलेली हिरवी विणीची दोरी, म्हशीलाही आवरेल अशी.

दिलावरचाचा सायकली दुरुस्त करायचा आणि त्याच टपरीत गळाचं सामान ठेवायचा. "देख बेटा," तो म्हणाला होता, "गळाला खोटा बेडूक लावला तर विणीची दोरी. तरंगती, गवतात गुतली तर गवतासकट मासा वर येतो. चमकता चमचा लावला तर बारीक तंगूस. चमचा पाण्यात नाचला पायजे. जाड दोरी बांधली की मुडद्यावानी सरळ येतो." कांचननं ते सगळं वहीत उतरवलं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याचा तक्ता लावला आणि पहिला नंबर मारला. तेव्हापासून नववीतल्या या पोरीची मान अशी काही ताठ झाली होती, की पाण्याची घागर डोक्यावर घ्यायला चुंबळसुद्धा लागू नये.

पण आज घरचा मासेमारीचा बिल्ला जायचा होता किंवा राहायचा होता.

धरण मृत साठ्याच्याही खाली गेलेलं. लागोपाठ तिसरा दुष्काळ. मच्छीमार संस्थेनं सभा घेऊन ठरवलं, की पाऊस होईपर्यंत जाळी बंद. कणीक, गांडूळ असलं खरं आमिषही बंद, कारण त्याला बारकी पिल्लं लागतात. चालेल तो फक्त गळ, तोही खोट्या आमिषाचा. आणि प्रत्येक सभासदानं मार्च संपायच्या आत एक तरी मोठा मासा स्वतःच्या हातानं काढून संस्थेच्या काट्यावर आणायचा. मासा लागल्यावर दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागला की बाद. मासा नाही, तर तो नावापुरता सभासद. त्याचा बिल्ला यादीतल्या पुढच्या माणसाला. मग पुढं धरण काठोकाठ भरलं तरी त्या घरानं पाण्यात जाळं टाकायचं नाही.

कांचनचा बाप सिदू होडीतून पडला आणि त्याचा उजवा खांदा कायमचा गेला. बिल्ला आईच्या, भिवराबाईच्या नावावर झाला. भिवराबाईनं उभ्या जन्मात गळ टाकला नव्हता. ती जाळी विणायची, फाटलेली जोडायची, टोपलं घेऊन बाजारात बसायची. आणि आज एकतीस मार्च होता. काटा बारा वाजता बंद.

कांचननं हिरवी दोरी उचलली. आईनं बारीक तंगूस आणि बापाच्या तंगुसाची बाटलीही पिशवीत टाकली.

"ती बाटली कावून घ्यायलीस, माय? कुजलंय ते."

"असू दे की. जड व्हायलंय का तुला?"

काठावर संस्थेचे सचिव आप्पाराव छत्री उघडून, मांडीवर रजिस्टर घेऊन साक्षीला बसले होते. शेजारी अध्यक्ष बबनराव तंबाखू मळत होते.

"या, भिवराबाई. आज मासा धरता का नुसतं पाणी बघून जाता?"

"मरळ धरणार हाय माय," कांचन म्हणाली. "बेडकावर."

बेडूक कांचननंच केला होता, हवाई चपलेच्या रबराचा, पोटात गळ लपवलेला. पाणगवतावरून तो टुणटुण ओढत आणला की मरळ खालून झडप घालते. सगळं पाठ होतं. पण काठ उतरून खाली आली आणि तिचे पायच थांबले.

गवत होतं, पण ते कोरड्या चिखलात उभं होतं. नळयोजनेचे पंप रात्रंदिवस चालू. दोन दिवसांत पाणी तीस-चाळीस पावलं मागं सरकलेलं. पुढं उघडं पाणी आणि त्यातनं वर आलेली बुडालेल्या जुन्या गावाची दगडी भिंत. तीन वर्षं पूर नाही, त्यामुळं गाळ तळाला बसलेला आणि पाणी काचेवानी निवळलेलं.

तरी भिवराबाईनं बेडूक फेकला. भिंतीच्या सावलीतनं एक काळी मरळ सुळकन आली, बेडकाच्या मागं दोन हात चालली, हिरव्या दोरीपाशी थबकली आणि वळून गेली. पुन्हा फेकला. पुन्हा तेच. पाचव्यांदा ती आलीच नाही.

"दोरी दिसायली तिला," कांचन पुटपुटली. अकरा वाजले होते. "चमचा लावू. बारीक तंगूस."

घरच्या स्टीलच्या चमच्यांचे दांडे कापून, भोकं पाडून, गळ अडकवून तिनं दोन चमचे केले होते. बारीक तंगुसावर चमचा असा नाचला, असा चमकला, की कांचन टाचा उंचावून बघायला लागली. आणि मरळीनं तो घेतला! भिवराबाईच्या बोटांतनं तंगूस सर्रकन गेला, भिंतीकडं वळला, दगडाला घासला आणि... सैल. नुसता सैल. टोक हवेत भिरभिरत वर आलं.

बबनरावांनी जिभेनं चक् केलं. "पोरीच्या तक्त्यात भिंत नव्हती वाटतं."

कांचनच्या कानशिलात आग लागली. जाड दोरी दिसते, बारीक तुटते. तिसरं काही वहीत लिहिलेलंच नव्हतं. एकच चमचा उरला होता. तिला वाटलं, आपण एवढं मिरवलो नसतो तर माय कालच कुणाला विचारायला गेली असती. आपल्या तोंडानंच घराचं पाणी तोडलं.

"माय, मला न्हाई सुधरायलं आता."

"रडू नगंस. बाटली काढ."

भिवराबाईनं बापाच्या तंगुसाचे वरचे पांढरे वेढे काढून टाकले. आतला, ऊन न लागलेला तंगूस अजून चकचकीत, काचेसारखा आरपार होता. तिनं तो दातात धरून ताणला, नखावरनं ओढून बघितला आणि वावभर तोडला, दोन्ही हात पसरले की होतो तेवढा.

"मागं तुझी हिरवी. पुढं वावभर ह्यो. दगडालाबी पुरंल न् माशाला दिसायचाबी न्हाई."

"पण चमचा नाचंल का ह्याच्यावर?"

"गाठ आवळून नगं बांधू, फासा ढिला ठिव. नाचंल."

"आन् दोन्ही जोडायचं कसं? एक गुळगुळीत, एक विणीची. सुटंल ना!"

भिवराबाई खाली बसली. जाळ्याला नवं सूत जोडताना मारायची तीच गाठ तिनं मारली. बोटं एवढी भरभर फिरली की कांचनला एक वेढासुद्धा मोजता आला नाही. थुंकीनं भिजवली, ओढली.

"सव्वाअकरा उलटून गेले बरं का," आप्पाराव घड्याळ बघत हळूच म्हणाले.

पहिली फेक वाया. दुसरी वाया. तिसऱ्या फेकीला चमचा भिंतीच्या अगदी अंगाला पडला, लटपटत खाली गेला, एकदा चमकला आणि दोरी जागच्या जागी ताठ झाली.

मरळ भिंतीतच शिरली. तंगूस दगडावर करकरायला लागला. कांचनला तो आवाज दातांत ऐकू येत होता. भिवराबाईचे पाय चिखलात घसरले, ती एका गुडघ्यावर आली, आणि कांचनचे हात आपोआप पुढं गेले.

"हात न्हाई!" बबनराव ओरडले.

कांचननं दोन्ही हात मागं घेतले आणि मटकन त्यांच्यावरच बसली. नजर गाठीवर. गाठ पाण्यातनं वर आली, पुन्हा आत गेली, पुन्हा वर आली. सुटली का? नाही. आता सुटंल. नाही. आईनं एकदम ओढायचं सोडलं, दोरी दोन हात सैल दिली. मरळ भिंतीतनं उघड्यावर आली आणि मग भिवराबाई उलट्या पावलांनी चालायलाच लागली, चिखलातनं, वाळक्या गवतापर्यंत. मागनं काळीभोर मरळ शेपटी आपटत काठावर आली.

कांचन धावली. मासा बाहेर आला होता, आता हात लागला तरी चालणार होता. तंगुसाला दगडानं कुसं काढली होती. अजून चार घासे बसले असते तर तुटलाच असता. गाठ होती तशी होती.

काट्यावर मरळ दोन किलोच्या वर भरली. आप्पारावांनी रजिस्टरात लिहिलं, मोठ्यानं वाचत: "भिवराबाई सिदू. स्वतःच्या हाताने. वेळ अकरा पन्नास." आणि संस्थेनं जमा करून घेतलेला बिल्ला परत तिच्या ओंजळीत ठेवला.

बबनराव तंगूस उचलून गाठ निरखत होते. बोटानं ओढून बघितली, नखानं सोडवून बघितली.

"ही गाठ कुणी शिकवली हो तुमाला?"

"कुणी म्हंजे?" भिवराबाई चिखलाचे हात लुगड्याला पुसत म्हणाली. "तुमच्या जाळ्याला धा वर्षं झाली ही गाठ. मीच इणलंय की ते."

आप्पाराव छत्रीच्या आडून हसले. कांचन हसली नाही. तिनं पिशवीतनं वही काढली, तक्त्याच्या पानावर तिसरी ओळ लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून बसली. मग वही मिटली, उरलेला तंगूस आणि हिरव्या दोरीचा तुकडा घेतला आणि आईसमोर येऊन चिखलात बसली.

"माय, सावकाश मार एकदा. वेढे मोजू दे मला."